जुना ॲनालॉग कन्सोल सरसकट रिकॅप करायच्या आधी काय काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुंबईतल्या बंद झालेल्या एका स्टुडिओतून नव्वदीच्या सुरुवातीचा २४ चॅनेलचा ब्रिटिश मिक्सिंग कन्सोल, म्हणजे डेस्क, उचललाय, तो आता रत्नागिरीत तुमच्याकडे आहे, सात नंबरचा चॅनेल मधेच जातो मधेच येतो, निम्मे पॉट (फिरवायचे नॉब) आणि फेडर (सरकवायचे) खरखरतात, मास्टरला हम (सततची घुमी गुणगुण) आहे आणि संध्याकाळी तो जास्त जाणवतो. आणि ज्यांना दाखवलात ते म्हणाले सगळे कपॅसिटर बदला, म्हणजे रिकॅप करा, हात लागलाय तर ऑपॅम्पही (सिग्नल वाढवणारे आयसी) सगळे बदलून टाका, आणि आकडा असा सांगितला की तुम्ही घाबरलात.

माझं मत, आत्ता अजिबात नको. तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारी कपॅसिटर न बदलता जाऊ शकतात, आणि सगळे बदलूनही जशाच्या तशा राहू शकतात. हजारभर पार्ट एकदम बदलले की जुना फॉल्ट शोधायचा राहतो बाजूला, वर चार-दोन उलटे लागलेले कपॅसिटर आणि दोन-पाच उखडलेले ट्रॅक हे नवीन फॉल्ट पदरात पडतात, आणि मग कुठला कशामुळे ते कुणालाच कळत नाही. आधी मोजायचं, मग सोल्डरिंग आयर्न तापवायची.

सुरुवात पॉवर सप्लायपासून, आणि तीही कन्सोलपासून सोडवून. हे मी मुद्दाम आधी सांगतोय कारण लोक जुना डेस्क घरी आला की उत्साहात थेट बटण दाबतात. आतला रेग्युलेटर शॉर्ट झालेला असेल तर १७ व्होल्टच्या जागी मागचे अनरेग्युलेटेड २५-२६ व्होल्ट सरळ सगळ्या चॅनेलवर जातात, टीएल०७२ या ऑपॅम्पची मर्यादा आहे अधिक-उणे १८, म्हणजे एका झटक्यात शेकडो आयसी संशयित. तुमचा डेस्क चालू आहे म्हणजे एवढं काही झालेलं नाही, पण तरी सप्लायचा मल्टिपिन काढा आणि तो एकटा तपासा. आपल्या इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो ना, त्यात १०० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब लावून सप्लाय चालू करायचा, एलईडी बल्ब नाही चालणार. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच ढणढणत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. सगळं बरं असेल तर सिरीज काढून सरळ मेन्सवर लोड देऊन बघायचं, आणि लोड म्हणून ट्रकचे २४ व्होल्ट २१ वॉटचे इंडिकेटरचे बल्ब झकास, १७ व्होल्टवर एकेक बल्ब पाऊण ॲम्पिअरच्या आसपास खेचतो. एकदम सगळे जोडू नका, थंड फिलामेंट सुरुवातीला जास्त करंट खातो आणि सप्लायचं प्रोटेक्शन लागतं, एकेक करून वाढवा. फॅंटमच्या, म्हणजे माईकला जाणाऱ्या, ४८ व्होल्टला ४.७ किलोओहम एक वॉटचा रेझिस्टर पुरे.

आता या लोडवर दोन मापं घ्या. डीसी किती येतं ते, आणि मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून रिपल, म्हणजे डीसीवर उरलेलं एसी, किती ते. बरेच स्वस्त मीटर एसी रेंजला डीसी पण मिसळून दाखवतात, त्यामुळे प्रोबच्या सिरीजमध्ये एक १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर लावा. रेग्युलेटरनंतर एक-दोन मिलिव्होल्टच्या वर काही दिसायला नको, दहा-वीस दिसले तर तुमचा हम तिथेच सापडला समजा. मग रेग्युलेटरच्या मागे, मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर बघा. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. आपली लाईन ५० हर्ट्झची, फुल वेव्ह रेक्टिफायर म्हणजे सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरतो, ३ ॲम्पिअर करंट आणि १०,००० मायक्रोफॅरड असेल तर रिपल साधारण ३ व्होल्ट पीक-टू-पीक, थोडा कमीच भरेल. हाच पीक-टू-पीक ५-६ व्होल्ट निघाला, म्हणजे मल्टिमीटरवर साधारण दीड-पावणेदोन दिसले, तर तो कपॅसिटर सुकून निम्मा झालाय. रेग्युलेटरला चालायला इनपुट आउटपुटपेक्षा दोन-तीन व्होल्ट जास्त लागतं, रिपलचा खड्डा त्याच्याही खाली गेला की तेवढ्या क्षणापुरता रेग्युलेटर हात टेकतो आणि १०० हर्ट्झचा हम थेट ऑडिओत शिरतो.

आणि तुमचा 'संध्याकाळी जास्त' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी लाईनचं व्होल्टेज पडतं, मग हा खड्डा आणखी खोल जातो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बघा, इंग्लंडहून आलेले डेस्क बहुतेक २४० वर सेट असतात, आणि तुमच्याकडे सात वाजता २०० आलं तर सेकंडरीचं व्होल्टेज त्याच प्रमाणात घसरलं. टॅप २२० वर केला की संध्याकाळ सुधारते, पण मग रात्री लाईन २५० ला गेली की रेग्युलेटर भाजून निघतात, म्हणून टॅपशी खेळण्यापेक्षा चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. त्या मोठ्या आकड्याच्या अगदी थोड्या भागात येईल. दोन दिवस सकाळी, दुपारी, रात्री लाईन मोजून लिहून ठेवा, म्हणजे अंदाजाने खर्च नको.

हमचा दुसरा संशयित अर्थिंग. आधी हम कुठल्या जातीचा ते ओळखा, कन्सोलचं आउटपुट इंटरफेसमधून कॉम्प्युटरवर घ्या आणि कुठल्याही फुकटच्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर बघा. शिखर १०० वर असेल तर सप्लाय, ५० आणि १५० वर असेल तर अर्थ लूप किंवा कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरचं मॅग्नेटिक फील्ड, आणि वरपर्यंत काटेरी झुडूप दिसलं तर डिमर, एलईडीचे ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर. त्यानंतर कन्सोलला लागलेली एकूण एक केबल काढा, फक्त हेडफोन ठेवा. हम गेला तर कन्सोल निर्दोष, मग एकेक केबल परत लावत जा, आणि जिच्यावर परत येईल तिथे बघा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजा, दोन-तीनच्या वर असतील तर आधी वायरमनला बोलवा. तुमच्याकडे जांभ्याची जमीन, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो, पावसाळ्यात जे अर्थिंग उत्तम होतं ते उन्हाळ्यात नावापुरतं राहतं, खड्ड्यात पाणी सोडायचं विसरू नका. आणि काहीही झालं तरी अर्थची पिन तोडून हम घालवायचा नाही, असले सल्ले देणारे प्रत्येक गावात एक-दोन असतात, कन्सोलची बॉडी लाईव्ह झाली तर गाणाऱ्याच्या हातात माईक असतो हे लक्षात ठेवा. केबलचा शील्ड आत सर्किटच्या ग्राउंडला न जाता सरळ चासीला जायला हवा, तसा जात नसेल तर त्या दोषाला, नील मन्सी यांनी १९९५ साली यावर पेपर लिहिला तेव्हापासून, पिन वन प्रॉब्लेम म्हणतात, तुमचा डेस्क त्याच्या आधीचा आहे म्हणून हा घोटाळा त्यात असू शकतो. एकटा चासीवरचा कनेक्टर बघितला तरी कळतं, एक नंबरची, म्हणजे शील्डची, पिन पीसीबीवर जातेय की तिथल्या तिथे बॉडीला.

आता सात नंबर. मधेच जाणारा-येणारा चॅनेल म्हणजे दहात आठ वेळा कुठलातरी कॉन्टॅक्ट. पहिला मान इन्सर्ट जॅकचा, म्हणजे चॅनेलच्या मधे बाहेरचं उपकरण जोडायच्या जॅकचा. इन्सर्टमध्ये काही लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल जॅकच्या आतल्या छोट्या पत्तीवरून पुढे जातो, ती पत्ती तीस वर्षं तशीच टेकून बसलेली, वर चांदीचा मुलामा असेल तर तो काळा पडलेला. एक टीआरएस (तीन कॉन्टॅक्टचा) प्लग घ्या, त्याची टिप आणि रिंग एकमेकांना जोडून टाका, आणि सातच्या इन्सर्टमध्ये खुपसा. आवाज ठणठणीत आला आणि टिकला तर रोग सापडला, जॅकला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. पॅचबे असेल तर तिथलेही नॉर्मल्स (प्लग नसताना टेकणारे कॉन्टॅक्ट) असेच. या एका प्लगने सुटलेले चॅनेल मी इतके पाहिलेत की आता टूलबॅगमध्ये तो कायमचा असतो.

तिथे नसेल तर माईक-लाईन स्विच, फ्लिप स्विच, ईक्यू इन, म्यूट, प्रत्येक बटण वीस-तीस वेळा दाबा, आणि दाबताना हेडफोनवर ऐकत राहा, कुठल्या बटणाला आवाज फडफडतो ते. मग रिबन केबल. डेस्कच्या पोटात एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात जाणाऱ्या त्या राखाडी पट्ट्यांचे कनेक्टर टिनचे असतात, वर्षानुवर्षांच्या गरम-थंड होण्याने सूक्ष्म हलतात आणि पिनेवर ऑक्साईडचा थर साठतो. काढून घातले की चालतात, म्हणून लोक खूश होतात, पण दोन महिन्यांनी परत तेच. पिना आणि कनेक्टर दोन्ही आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, मग क्लीनरचा अगदी पातळ हात द्या, आणि एखादा कनेक्टर सैल लागत असेल तर नवीन क्रिम्प करा, त्याला किंमत काही नाही. चालू डेस्कवर रिबन कधीच काढायची नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

तरीही चॅनेल जात असेल तर ड्राय सोल्डर. मॉड्यूल एक्स्टेंडरवर किंवा टेबलावर उघडा घेऊन ब्रशच्या लाकडी दांड्याने हळूहळू टोकत जा, जॅकच्या पायांजवळ, पॉटच्या पायांजवळ, जिथे माणसाचा हात जोर देतो तिथे. भिंग घेऊन तिरक्या उजेडात बघितलं तर पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. त्यावर नुसता डाग मारू नका, जुना सोल्डर ओढून घ्या, फ्लक्स लावा आणि नवीन ६३/३७ चा डाग द्या. लेड-फ्री मिसळू नका जुन्या बोर्डवर.

चॅनेल पूर्ण मेला असेल आणि बाकीचे तेवीस ठीक असतील तर बऱ्याच डेस्कमध्ये प्रत्येक मॉड्यूलच्या सप्लायवर १० ओहमचा एक छोटा रेझिस्टर असतो, तो आधी बघा. तो ओपन झालाय म्हणजे पुढे काहीतरी शॉर्ट आहे, बहुतेक टँटलमचा मणी. रेझिस्टर तेवढा बदलून चालू केलंत तर नवीनही तसाच जाईल.

सिग्नल ट्रेस करायचं असेल तर कॉम्प्युटरवरून टोन द्या, पण १ किलोहर्ट्झ नको, साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसीत काय वाट्टेल ते दाखवतात, २०० हर्ट्झ द्या. लाईन इनला +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट येईल असं सेट करा, गेन युनिटी, ईक्यू बाहेर. आता सात आणि आठ दोन्हींना एकच टोन, आणि एकेक आयसीचा आउटपुट दोन्हीकडे मोजत चला. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाही मिळालं तरी शेजारचा चांगला चॅनेल हेच तुमचं मॅन्युअल. आठ पायांच्या डबल ऑपॅम्पमध्ये आउटपुट १ आणि ७ नंबरच्या पायावर, उणे सप्लाय ४ वर, अधिक ८ वर. सात आणि आठ शेजारी-शेजारी आहेत हे विसरू नका, प्रोब घसरला तर आउटपुट सरळ प्लस रेलला (अधिक सप्लायला) भिडतो. प्रोबच्या टोकाला हीटश्रिंक चढवून फक्त एक मिलिमीटर उघडं ठेवा.

खरखरीकडे येतो, कारण इथेच सगळ्यात जास्त स्प्रे वाया जातो. पॉट खरखरतो म्हणजे घाण आहे असं सगळे धरून चालतात. पॉटवर डीसी आलं तरी तो तसाच खरखरतो, वायपर फिरताना ते डीसी तुकड्यातुकड्याने पुढे जातं. म्हणून क्लीनर उचलायच्या आधी सिग्नल बंद ठेवून पॉटच्या दोन टोकांवर ग्राउंडच्या तुलनेत मिलिव्होल्ट मोजा. चार-पाच असतील तर घाण, साफ करा. पन्नास-शंभर असतील तर मागचा कपलिंग कपॅसिटर गळतोय, तो एकच बदलला की स्प्रे न मारता पॉट गुपचूप होतो. काही डिझाइनमध्ये थोडं डीसी मुळातच असतं, म्हणून शेजारच्याशी ताडून बघा. साफ केल्यावर चार दिवस बरा आणि परत खरखर, असा जो पॉट असतो त्याच्यावर हमखास डीसी सापडतं.

फेडरला मात्र स्विचचा क्लीनर मारू नका, आणि डब्ल्यूडी-४० तर त्या खोलीतही ठेवू नका. कंडक्टिव्ह प्लॅस्टिकच्या ट्रॅकवरचं मूळ ग्रीस धुऊन गेलं की फेडर कोरडा घासायला लागतो आणि ट्रॅक झिजतो. उघडून धूळ ब्रशने काढा, लिंट नसलेल्या कापडाने थोड्या आयपीएने हलका हात फिरवा, आणि शेवटी फेडरसाठीच बनवलेलं ल्युब्रिकंट द्या, थेंबभर. ट्रॅकवर वायपरची नाली दिसत असेल तर तो फेडर बदलायचाच.

आता तो मोठा आकडा. इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य तापमानावर, दर १० अंश कमी झाले की साधारण दुप्पट होतं. त्यामुळे रेग्युलेटरच्या, हीटसिंकच्या, मीटरच्या दिव्यांच्या शेजारचे आधी जातात, आणि चॅनेलमधले थंड बसलेले कपलिंगवाले तीस वर्षांनंतरही बरेचदा मापात भरतात. म्हणून क्रम असा ठेवा, सप्लाय पूर्ण, १०५ अंशाचे घालून, त्यावर वाद नाही. मग मास्टर सेक्शन. मग एकच चॅनेल, तुमच्यातला सर्वात वाईट, तो पूर्ण रिकॅप करा आणि शेजारच्या न केलेल्या चॅनेलबरोबर स्वीप (खालून वर सरकत जाणारा टोन) टाकून बघा, खाली २०-३० हर्ट्झला किती पडतो, बासमध्ये डिस्टॉर्शन किती, नॉइज किती. दोघांत काही फरक नसेल तर बाकीच्या तेवीसमध्ये पैसे का घालायचे? फरक असेल तर करा, महिन्याला दोन-दोन चॅनेल करत, म्हणजे स्टुडिओ बंद ठेवावा लागणार नाही. एक अपवाद, डेस्कवर एसएमडी इलेक्ट्रोलायटिक असतील तर ते ताबडतोब, त्या काळातले गळतात आणि खालचा ट्रॅक खातात, डाग देताना माशासारखा वास आला की समजायचं. आणि म्यूट ऑटोमेशन असेल तर प्रोसेसर बोर्डवरची मेमरीची निकेल-कॅडमियम बॅटरी आजच्या आज काढा, बाकी सगळं नंतर. ती फुटली की तो बोर्ड वाचवणं फार कठीण.

ऑपॅम्प सरसकट बदलायला माझा साफ विरोध. टीएल०७२ काढून एनई५५३२ घालायचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. ०७२ साधारण २.८ मिलिॲम्पिअर खातो, ५५३२ आठ. चॅनेलमध्ये बारा आयसी धरले तर २४ चॅनेलचे २८८, म्हणजे प्रत्येक रेलवर दीड ॲम्पिअर जास्तीचा बोजा, त्याच म्हाताऱ्या सप्लायवर ज्याला आत्ताच संध्याकाळी दम लागतोय. शिवाय ५५३२ चा इनपुट बायस करंट २०० नॅनोॲम्पिअरच्या घरातला, ०७२ चा पिकोॲम्पिअरमध्ये. १०० किलोओहममधून २०० नॅनो गेले की २० मिलिव्होल्ट डीसी, आणि ते येऊन बसणार पॉटवर. खरखर घालवायला पैसे दिले आणि खरखर विकत घेतली, असं होईल. वर डीकपलिंगचे कपॅसिटर आयसीपासून लांब असतील तर नवे आयसी मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होतात, कानाला फक्त आवाज 'घाण' वाटतो आणि आयसी बोटाला चटका देतो, स्कोप नसेल तर कारण कधीच कळत नाही. एक जागा आहे जिथे चांगल्या आयसीने खरंच फायदा होतो, ती म्हणजे मिक्स बसचा समिंग ॲम्प. तिथे २४ चॅनेल एकत्र येतात, त्याचा स्वतःचा नॉइज पंचवीस पटीने, म्हणजे २८ डीबीने वाढून बाहेर येतो. त्या मोजक्या आयसींना सॉकेट लावा, अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून माल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कनेक्टर, स्विच, वायर, बल्ब सगळं घ्या, ऑडिओचे आयसी मात्र बिल आणि लॉट नंबर बघून, नकली ५५३२ ओळखायला वेळ जातो.

काढताना आयसीचे आठही पाय आधी कटरने कापा आणि एकेक पाय चिमट्याने ओढून काढा. अख्खा आयसी वाचवायच्या नादात ट्रॅक उखडतात, आयसी पन्नास रुपयांचा आणि बोर्ड मिळत नाही.

राहिली हवा. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर हाच तुमच्या डेस्कचा खरा शत्रू, वर समुद्राची खारी हवा. पावसाळ्यात डेस्क आठवडाभर बंद पडू देऊ नका, काम नसलं तरी दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवा आणि सगळी बटणं-फेडर फिरवा. चोवीस तास चालू ठेवायचीही गरज नाही, त्याने कपॅसिटर शिजतात. एसी बंद करून लगेच दारं-खिडक्या उघडू नका, थंड पत्र्यावर पाणी धरतं. झाकायला सुती चादर, प्लॅस्टिकचा कागद नको, त्याखाली ओल कोंडते. सप्लायच्या फॅनला जाळी लावा, पाल आत शिरून रेक्टिफायरवर चिकटली की फ्यूजसकट सगळं जातं. आणि दसऱ्याला पूजा जरूर करा पण हळद-कुंकू रॅकच्या कडेला लावा, फेडरच्या फटीतून अक्षता आणि उदबत्तीची राख चिमट्याने काढायचं काम मी दर ऑक्टोबरला करतो, नारळ तर दाराबाहेरच फोडा. चहा सांडलाच तर लगेच पॉवर बंद, मॉड्यूल बाहेर, आधी डिस्टिल्ड वॉटरने साखर धुवा आणि मग आयपीए, उलटं केलं तर साखर तशीच चिकटून राहते.

सप्लायची मापं, लाईनचं तीन वेळचं व्होल्टेज आणि सातच्या इन्सर्टमध्ये प्लग घातल्यावर काय झालं, एवढं कळवा. रेग्युलेटर कुठले आहेत त्याचा फोटोही टाका, म्हणजे फिल्टर कपॅसिटर कुठल्या मापाचे आणि पायांत किती अंतराचे मागवायचे ते सांगता येईल.